पक्षपंधरवड्यातलं घर

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली की शेतातून वेगळाच आवाज येतो. वारा तोच असतो, पण हलवायला आता पानं नसतात, नुसत्या शेंगा असतात, आणि त्या खुळखुळतात. आमच्या पिंपळगावात हा आवाज भादव्याच्या शेवटी येतो. पाऊस गेलेला नसतो, पण रोज येतही नसतो. दुपारी ओट्यावरची फरशी पायाला चटके देते आणि संध्याकाळी कुठूनतरी ओल्या मातीचा वास येतो. रेणुकाईच्या देवळात नवरात्राची रंगरंगोटी चालू असते. शिडीवरचा माणूस आणि खालचा माणूस दिवसभर एकमेकांशी ओरडून बोलतात. घराघरांतून गवार आणि गंगाफळ शिजल्याचा वास येतो, आज या घरातून, उद्या त्या. ज्याच्या त्याच्या पित्तरांची तिथी.

मी ओट्यावर बसून फोनवर पुण्यातली घरं बघते आहे.

सगळ्या फोटोंमध्ये दिवसाढवळ्या लाइट लावलेले असतात. खोल्या आहेत त्याहून लांब दिसतात. एखाद्या आरशात फोटो काढणाऱ्याचं पोट दिसतं. खाली लिहिलेलं असतं, फॅमिलीला प्राधान्य. अंगठ्याने घर वर ढकलायचं, खालून दुसरं येतं. मम्मी गवारीचं ताट घेऊन शेजारून जाते.

"सापडलं का?"

"बघतेय."

"बघ."

दिवसातून किती वेळा हे होतं ते मी मोजत नाही. पप्पा विचारत नाहीत. मी पित्तरांसाठी आले त्या दिवशी एकदाच म्हणाले, "आता नेट बराबर चालून राह्यलं गावात. घरून बी काम होतं लोकांचं." त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही. भोकरदनला त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. न बोलता गिऱ्हाईकाला वाट बघायला लावायची सवय त्यांना दुकानानेच लावली असावी. मी त्यांचीच मुलगी आहे, मलाही गप्प बसता येतं. पण या वेळी त्यांच्याकडे वेळ आहे आणि माझ्याकडे नाही.

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार संपला. घरमालकीण काकूंचा मुलगा परदेशातून परत येतो आहे, त्याला घर हवं आहे. काकू म्हणाल्या, "घटस्थापनेपर्यंत राहा. मग मात्र मला साफसफाई करायची आहे." म्हणजे हा पंधरवडा. तोवर दुसरं घर मिळालं नाही तर पप्पा टेम्पो पाठवणार आणि माझं सामान पिंपळगावला येणार. परत आलेलं सामान पुन्हा जात नाही, हे मी गावात दोन-तीन मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. गाद्या माळ्यावर जातात, भांडी घरच्या भांड्यांत मिसळतात, आणि मग एक दिवस घरात पाहुणे येतात आणि मुलीला पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायला सांगतात.

मागच्या वर्षीही हाच पंधरवडा होता. म्हणूनच हा शेंगांचा खुळखुळाट ऐकला की मला शेत आठवत नाही, रिकामे फ्लॅट आठवतात.

तेव्हा मी ज्या पीजीत राहत होते ते बंद होणार होतं. मालकाला तिथे दवाखाना काढायचा होता. श्रावणापासून मी घर शोधत होते आणि एकामागून एक घरं माझ्या हातून जात होती. याचं कारण पैसे नव्हते, निदान फक्त पैसे नव्हते. मी घर बघायचे, भिंतींकडे बघायचे, "विचार करून सांगते" म्हणायचे, आणि माझ्या मागे उभी असलेली मुलगी तेवढ्यात "डन" म्हणून मोकळी व्हायची. पुण्यात घर मिळण्यासाठी लोकांसमोर मोठ्याने काहीतरी हवं आहे असं म्हणावं लागतं. मला ते कधी जमलं नाही. भोकरदनच्या इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या व्हॅनमधून मी दहा वर्षं गेले-आले. शाळेत मराठी बोलायचं नाही, घरी इंग्रजी कोणाला कळायचं नाही. दोन्हीच्या मधल्या रस्त्यावर मी खिडकीला नाक लावून गप्प बसायचे. तो रस्ता माझ्यात अजून आहे.

आणि मग एक दिवस सगळी गर्दी नाहीशी झाली. मी एजंटला फोन केला तर तो जांभई देत बोलला.

"मॅडम, पितृपक्ष लागला. आता पंधरा दिवस आमचा धंदा झोपतो. मी बायकोला भाजी निवडून देतोय."

"म्हणजे घरं नाहीत?"

"घरं आहेत, माणसं नाहीत. या दिवसांत नवीन घरात कोण पाय ठेवतो?" मग म्हणाला, "तुमचं काही नसेल तर हाच टाइम आहे बघा. मालक नरम असतात. एरवी तुमच्यासारख्या शांत माणसाला कोण विचारतो?"

माझं काही नव्हतं. असं मी समजत होते.

ते आठ-दहा दिवस मी ऑफिस सुटल्यावर रिकाम्या घरांतून फिरले. एजंटच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असायचा. तो दार उघडून बाहेरच फोनवर बोलत राहायचा आणि मी एकटी आत जायचे. कोणी मागे उभं नाही, कोणी डन म्हणत नाही. रिकाम्या घराला स्वतःचा आवाज असतो. नळ एकदा घशातून खाकरतो. बाल्कनीच्या जाळीबाहेर कबुतरं कण्हत असतात. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन राहिलेला असतो. एका घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, एक मूल माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत वाढत गेलेलं. मग रेघा थांबल्या होत्या. करार संपला असणार. मी तिथे पाठ टेकवून उभी राहिले, का कोण जाणे, आणि एजंट आत आला तेव्हा चौकट तपासत असल्यासारखं केलं.

शाळेत आम्हाला इंग्रजीत निबंध होता, माझं घर. पुस्तकातल्या नमुन्यात घराला धुराडं होतं, पुढे बाग होती, बागेला पांढरं कुंपण होतं. मी ते सगळं पाठ करून लिहिलं आणि मला चांगले मार्क मिळाले. आमच्या घराला पत्र्याचं छप्पर आणि वर कडबा होता, आणि दार दिवसभर सताड उघडं. उघड्या दारातून कोणीही यायचं. चुलती यायची, दूधवाला यायचा, शेळी यायची. मी कपडे बदलत असले तरी "काय करून राह्यली गं?" म्हणत कोणीतरी यायचं. निबंधात मी खोटं लिहिलं होतं, पण मला खरंच हवं होतं ते धुराडं नव्हतं, बागही नव्हती. मला आतून लावता येईल असं दार हवं होतं. त्याला निबंधात जागा नव्हती.

काकूंचा फ्लॅट बालेवाडीला, अकराव्या मजल्यावर होता. काकू स्वतः त्याच इमारतीत नवव्यावर राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही. त्या गुडघे धरत खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"एकटी राहणार?"

"हो."

"गावाकडची माणसं फार येतात का? आधीच्या भाडेकरूकडे बारा महिने सतरंज्या अंथरलेल्या असायच्या. मला पाहुण्यांची वर्दळ नको."

"नाही. कोणी येत नाही," मी म्हणाले. इतक्या पटकन मी आजवर कुठलंच उत्तर दिलं नव्हतं. आणि ते खरंही होतं. मम्मीला बस लागते. पप्पांचं दुकान सुटत नाही.

काकू जरा घुटमळल्या. "मी स्वतः हे पक्षबिक्ष मानत नाही. पण आमचे हे मानायचे. तर आपण असं करू. किल्ली आत्ता घे, राहायला ये. करार घटस्थापनेला करू. तोवर तू माझी पाहुणी. पटलं तर करार, नाही पटलं तर तुझं तुला मोकळं, माझं मला."

अशी मी त्या घरात गेले, हातात कागद नसताना, पसंतीवर ठेवलेल्या कापडासारखी. एक गादी, दोन बॅगा, एक इंडक्शन शेगडी. पहिल्या संध्याकाळी मी दार आतून लावलं, वरची कडी लावली, साखळी लावली, आणि दाराला पाठ लावून बसून राहिले. समोरच्या खिडकीत आख्खं शहर पेटलेलं होतं आणि त्यातल्या एकाही माणसाला मी इथे आहे हे माहीत नव्हतं. एवढं सुख मला झालं की त्याची मला भीती वाटली. आपल्या माणसांपासून लांब बसून इतकं बरं वाटणं चांगलं नव्हे, असं काहीतरी.

हॉलच्या छताला एक पांढरी चकती होती आणि तिच्यात लाल ठिपका मधूनमधून लुकलुकायचा. मला वाटलं कॅमेरा. कोणाला विचारायचं म्हणजे बोलावं लागणार. मी विचारलं नाही. हॉलमध्ये नीट बसायचे, केस विंचरलेले ठेवायचे, आणि कपडे बाथरूममध्ये बदलायचे.

मम्मीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"पित्तरांत नव्या घरात पाय ठेवला तू?"

"मम्मी, तसं काही नसतं."

"कोणी सांगितलं तुला, काही नसतं म्हणून?"

मला कोणीच काही सांगितलं नव्हतं, दोन्ही बाजूंनी.

"बरं," मम्मी म्हणाली. "मंग आता त्यांला तिथं बी जेवायला बोलवावं लागंल. न्हाईतर ते म्हणतील, आमच्या दिवसांत घर घेतलं आन् आम्हालाच सांगितलं न्हाई."

"कोण म्हणेल?"

"आबा म्हणतील. तुला माहीत न्हाई का त्यांचं."

माहीत होतं. आबा म्हणजे पप्पांचे वडील. ते आयुष्यात कधी परगावी मुक्कामाला राहिले नाहीत. लग्नाला गेले तरी रात्रीच्या जीपने परत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात पट्टी बांधलेली असताना म्हणाले, मला घरी न्या, हिथल्या भिंती अनोळखी हायेत. डोळ्यांवर पट्टी होती, तरी त्यांना भिंती कळत होत्या. मी लहान होते आणि मला तेव्हा हसू आलं होतं. बालेवाडीच्या त्या हॉलमध्ये चकतीखाली बसून मला ते पुन्हा पुन्हा आठवायचं.

सर्वपित्री अमावस्येला सकाळी मम्मी आली. नाकाशी लिंबू धरून, रात्रभर बसमध्ये न झोपता, एकटी. गेटवर तिला थांबवलं आणि माझा फोन वाजला, एक पाहुणा आला आहे, आत सोडायचं का. मी हो दाबलं. लिफ्टमध्ये ती भिंतीला हात लावून उभी होती. घरात आल्यावर तिने पहिल्यांदा खिडक्या पाहिल्या, मग मोरी, मग मला. "बारीक झाली," म्हणाली, आणि पिशवी उघडली. तुपाची बाटली, गवार, वड्यांचं पीठ, खिरीचे गहू, आणि दोन साड्यांच्या मधे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक गोवरी.

"मम्मी, ही तू बसमधून आणलीस?"

"तुझ्या पुण्यात भेटली असती का?"

आमच्या भागात पित्तरांना आगारी टाकतात. गोवरीचा निखारा करायचा, त्यावर तूप सोडायचं, आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा एक एक घास त्या आगीला द्यायचा. नावं घेऊन बोलवायचं. धूर झाला पाहिजे, कारण धुरावर ते येतात. घरी हे पप्पा करतात. तिथे मम्मीनेच केलं. काकूंनी फ्लॅटमध्ये ठेवलेल्या गॅसच्या शेगडीवर तिने गोवरी पेटवली, लोखंडी तव्यावर ठेवली आणि तवा चिमट्याने धरून हॉलच्या बरोबर मधोमध आणला. स्वयंपाकघरात नको, पित्तर पुढच्या खोलीत येतात.

मग ती बोलायला लागली. मला वाटलं होतं काही मंत्रबिंत्र म्हणेल. ती नुसती बोलत होती, जसं गावाहून आलेल्या माणसाला फोनवर रस्ता सांगतात तसं. "आबा, मोठ्या आई, आत्याबाई, सगळे या. पोरगी आता पुण्यात राहती. बालेवाडीला. बी बिल्डिंग, अकरावा मजला. गेटपासून उजव्या हाताला. आबा, तुम्हाला लिफ्ट चालत न्हाई, खिडकी उघडी ठेवली हाये. हिथून पुढं हिथं बी येत जा. एकटी हाये ती, लक्ष असू द्या." आणि चमचाभर तूप सोडलं.

धूर उठला. निळसर, जाड, सरळ वर गेला आणि त्या पांढऱ्या चकतीला जाऊन भिडला.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं बाहेर कुठेतरी काही झालं. मग कळलं की ते आमच्या डोक्यावर आहे, आणि मग कळलं की ते आख्ख्या बिल्डिंगमध्ये आहे. लिफ्ट बंद पडल्या. जिन्यात चपला वाजायला लागल्या, मुलं रडायला लागली. मी चकतीकडे बघत राहिले. म्हणजे तो कॅमेरा नव्हता, धूर ओळखणारा अलार्म होता. मम्मीने तव्यावर झाकण ठेवलं नाही, आगारी अर्धी सोडता येत नाही म्हणे. तिने खिरीचा घास टाकला.

दार वाजलं. मी कडी, साखळी, कुलूप एकेक काढलं तर बाहेर इतकी माणसं होती की त्या घरात मी आल्यापासून तितकी पाहिली नव्हती. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी, हाफ पँटवर, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. मी इंग्रजीत सॉरी म्हणाले, मग काही नाही म्हणाले, मग पुन्हा सॉरी. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते.

"काय जाळताय तुम्ही?"

"जाळून न्हाई राह्यलो," मम्मी आतून म्हणाली. "जेवायला घालून राह्यलो."

"कोणाला?"

"आमच्या पित्तरांला."

सेक्रेटरींनी नळकांडं जरा खाली केलं. "अहो, पण फ्लॅट एका व्यक्तीसाठी आहे म्हणून सांगितलं होतं. आत किती जण आहेत?"

"मोजले न्हाईत दादा. सगळ्यांलाच बोलवलंय."

"गेटवर नोंद केली का?" हे त्यांच्या तोंडून सवयीने निघालं असावं.

"त्यांला गेट लागत न्हाई," मम्मी म्हणाली.

मागे जिन्यात कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच गोष्ट होती, उद्याचा करार. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि काकू वर आल्या. दोन मजले जिना चढून, कठड्याला धरत, प्रत्येक पायरीवर थांबत. दारात उभ्या राहून त्यांनी हॉलमधला तवा पाहिला, छत पाहिलं, ताट पाहिलं.

"कोणी येत नाही म्हणाली होतीस."

मी दारातून बाजूला झाले.

"हे पाहुणे न्हाईत ताई," मम्मी पदर सावरत उठली. "घरचेच हायेत. या, बसा. दम लागला तुम्हाला."

काकू गादीवर बसल्या, बसायला दुसरं काही नव्हतंच. आवाज बंद झाला तेव्हा सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली आणि गर्दी ओसरली. मम्मीने पाणी दिलं. मग वाटीत खीर काढली आणि वाटी हातात धरूनच थांबली.

"पित्तरांची हाये. चालती का तुम्हाला?" दुसऱ्याच्या घरचं पक्षाचं जेवण पुष्कळ लोक खात नाहीत, आमच्याकडेही खात नाहीत.

"चालत नाही," काकू म्हणाल्या. वाटीकडे बघत राहिल्या. "आमच्या ह्यांना गव्हाची खीर आवडायची. दोन वर्षं झाली. मुलगा तिकडे, मी एकटी काय करणार म्हणून मी काहीच करत नाही." मग हात पुढे केला. "जिना चढून आलेय. दे."

त्यांनी सगळी वाटी संपवली. जाताना छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हणजे चालतोय. बिल्डरने बसवला तेव्हापासून कधी वाजलाच नव्हता. सेक्रेटरींना वाटायचं, नुसता डबा चिकटवून गेला." आणि दारातून, "उद्या अकरा वाजता खाली ये. करार करणारा येणार आहे."

तो आला. काकूंनी त्याला एक कलम जास्तीचं घालायला सांगितलं. त्याने ते ज्या भाषेत लिहिलं ती मला आजही पाठ आहे: सदर सदनिकेत गोवरी अथवा तत्सम पदार्थ प्रज्वलित करण्यास मनाई राहील. मम्मीने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "बराबर हाये. एकदा पत्ता कळला ना त्यांला, आता धूर नसला तरी येतील."

मी त्या घरात कोणाला न दिसता राहायचं ठरवलं होतं. ते त्या दुपारीच संपलं. लिफ्टमध्ये एक आजोबा रोज भेटायचे आणि विचारायचे, "काय, तुमची मंडळी बरी आहेत ना?" सुरुवातीला मी फोनमध्ये डोकं घालायचे. मग एक दिवस "बरी आहेत" म्हणाले. पुढे पुढे, लिफ्टमध्ये ते नसले तर अकरा मजले लांब वाटायचे. नवव्या मजल्यावर मधूनमधून चहाला जायचे. दार मी अजूनही आतून लावायचे, कडी, साखळी, कुलूप. पण लावताना आता खिडकीकडे एकदा बघायचे. ती उघडी ठेवायला लागले होते. पावसात हॉल भिजायचा, मी पुसायचे आणि पुन्हा उघडायचे. आबा येतात असं मी मानते असं नाही. पण त्यांना सांगितलं होतं की उघडी आहे.

भिंतीला खिळा ठोकायला परवानगी नव्हती. त्यामुळे माझ्या सगळ्या वस्तू त्या घरात जमिनीवर, भिंतीला टेकून उभ्या होत्या, निघायच्या तयारीत असल्यासारख्या. आरसा जमिनीवर, घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर, एक चित्र दाराशी. भाड्याच्या घरात माणूसही तसाच उभा असतो. मला वाटायचं, इथे पिंपळगावी आले की मी बसेन. पण इथेही मी ओट्याच्या कडेलाच बसले आहे, एक पाय खाली सोडून. घरात माझ्या जुन्या खोलीत आता बियाणांच्या पिशव्या आहेत. कोणी मुद्दाम ठेवल्या नाहीत, जागा दिसली, ठेवल्या. दार सताड उघडं आहे आणि कोणीतरी आत येऊन विचारतं, "कधी आली गं? आता हिथंच का?" मी हसते. फोनवर अजून एक घर वर ढकलते. हडपसर. खराडी. एजंटचा मेसेज येतो, मॅडम पक्ष चालू आहे, यंदा पण तुमचाच सीझन.

रात्री झोप लागत नाही असं नाही, पण जाग आली की कुठल्या छताखाली आहे ते कळायला वेळ लागतो. आधी मी चकती शोधते.

आज आबांची तिथी.

सकाळपासून मम्मी चुलीशी आहे. वडे, खीर, कढी, गवार, गंगाफळ. देवळातल्या शिडीवरच्या माणसाचा आवाज इथवर येतो आहे. दुपारी पप्पा अंघोळ करून आले, दुकान बंद ठेवून, आणि पुढच्या खोलीत पाट मांडून बसले. मम्मीने निखारा आणून समोर ठेवला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले, दरवर्षीसारखी, बाहेरही नाही आणि आतही नाही.

पप्पांनी नावं घेतली. आबांचं सगळ्यात आधी. तूप सोडलं, घास टाकले. पप्पा मम्मीसारखे बोलत नाहीत, नावं घेऊन थांबतात.

"पोरीचा पत्ता सांगा त्यांला," मम्मी म्हणाली. "जुन्या घरी जाऊन बसतील न्हाईतर. तिथं काकूंचं पोरगं येऊन राह्यलं आता."

पप्पांचा हात चमच्यासकट थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच सरळ. निखाऱ्यावर राख धरायला लागली होती.

"काय सांगू?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं त्यांना कुठलं उत्तर सोपं गेलं असतं. मलाही तेच सोपं होतं. हिथलाच सांगा. दोन शब्द, आणि टेम्पो उद्या निघाला असता. मम्मीने तुपाची वाटी माझ्या बाजूला सरकवली.

मी चौकट सोडली आणि निखाऱ्यापाशी जाऊन बसले. पप्पांच्या हातातला चमचा घेतला. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आणि असं तर मी कधीच बोलले नव्हते, त्यामुळे आवाज जरा घोगरा निघाला.

"आबा, घर पाहून राह्यले मी. पुण्यातच. सापडलं की पत्ता सांगते. तोवर हिथंच जेवा."

आणि तूप सोडलं. ज्वाळ एकदम वर आली, धूर डोळ्यांत गेला. मी डोळे पुसत होते तेव्हा पप्पांनी ताटातून गवारीचा घास उचलला, आगीत टाकला, आणि आगीकडेच बघत म्हणाले,

"या टायमाला छताकडं बघून घर घे. ती चकती नसलेलं."